भासाच्या आवाजावर चुंबकाचा उपाय



मी डॉक्टर नाही. माझी उमेद कामगार संघटनेच्या कामात गेली आणि जे काही वाचन झाले ते रात्रपाळीनंतर आणि एस. टी.च्या प्रवासात झाले. तेव्हा मेंदूच्या विकारावर मी बोलावे, हे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु या विषयाकडे मला माझ्याच एका चुकीने आणले. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, लेथवरचा कसबी कारागीर, मशीन चालू ठेवून मोठमोठ्याने भांडू लागला. समोर कोणीच नसे. कामात हयगय केली म्हणून त्याला आरोपपत्र मिळाले. चौकशीत त्याची बाजू मांडायला मी उभा होतो. आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाऊ, फोरमन भिंतीतून मला शिव्या घालतो. रात्री घरीसुद्धा ऐकू येतात." मी म्हणालो, "मन घट्ट कर, आणि उद्या हे बोलू नकोस." तो बोलला नाही. त्याची नोकरी गेली. मी आजार झाकला आणि त्याबरोबर त्याचा बचावही झाकला.

त्या आजाराला स्किझोफ्रेनिया, आपल्या भाषेत छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहात दोन माणसे असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि भान यांची सांगड त्यात सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३०० माणसांत एकाला हा आजार असतो, आणि रुग्णांपैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा नसलेले आवाज ऐकू येतात.

हा आवाज येतो कोठून? आपण प्रत्येकजण मनात बोलतो. बोलताना मेंदूचा एक भाग ऐकणाऱ्या भागाला आगाऊ वर्दी देतो की, हे शब्द आपलेच आहेत. रुग्णाच्या मेंदूत ही वर्दी नीट पोहोचत नसावी आणि स्वतःचाच विचार परक्याचा आवाज होऊन कानी पडत असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे. आवाज ऐकू येत असताना मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा बोलण्याऐकण्याचे भाग खरोखरच कामात गुंतलेले दिसले. म्हणजे रुग्ण खोटे बोलत नाही. त्याला ऐकू येते, हे सत्य आहे.

या आजारावर पहिला उपाय औषधांचा. त्यांनी पुष्कळांचे आवाज शमतात. परंतु सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना नेहमीची औषधे पुरेशी लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी क्लोझापीन नावाचे औषध आहे, मात्र ते घेताना रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. त्यानेही आवाज थांबले नाहीत तर काय, या प्रश्नापाशी आजचा विषय सुरू होतो.

वाइंडिंग खात्यात काम केलेल्या माणसाला हा उपाय चटकन समजेल. एका वेटोळ्यातील वीज बदलती ठेवली की शेजारच्या, न जोडलेल्या वेटोळ्यातही वीज उत्पन्न होते. फॅरडेने हे १८३१ साली दाखविले आणि आपला ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतो. १९८५ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरले आणि हाताचे स्नायू हलले. कवटी न उघडता चुंबकाने मेंदूत वीज जागविली. हा परिणाम दोनतीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. ठोके जलद दिले तर तो भाग सहसा उत्तेजित होतो, सेकंदाला एक असे संथ दिले तर बहुधा मंदावतो.

मग डाव्या कानाच्या वर आणि मागे, भाषा ऐकणाऱ्या भागावर, संथ ठोके द्यावेत असा विचार अमेरिकेतील येल विद्यापीठाचे राल्फ हॉफमन यांनी केला. २००० साली त्यांनी १२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. आवाज कमी झाले होते. दुसरी रीत याहून साधी. मिठाच्या पाण्यात भिजविलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून केवळ २ मिलिअँपिअर वीज सोडायची. २०१२ साली फ्रान्समध्ये जेरोम ब्रुनलाँ आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्णांवर हा प्रयोग केला. रोज दोनदा, वीस मिनिटे, पाच दिवस. आवाजांचा त्रास सरासरी ३१ टक्के घटला, तर लुटुपुटूच्या उपचारात ८ टक्के. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनेही २०१८ साली २५ रुग्णांवरचा अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केला.

"म्हणजे शॉकच ना?" असे कोणी विचारील. नव्हे. शॉकमध्ये सुमारे ८०० मिलिअँपिअर वीज देऊन मुद्दाम झटका आणतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भूल दिल्यावाचून तो देता येत नाही. या दोन उपायांत रुग्ण जागा असतो आणि झटका आणण्याचा हेतू नसतो. चुंबकाच्या उपचारात तो क्वचित येऊ शकतो. म्हणून फेफऱ्याचा इतिहास किंवा डोक्यात धातूचा तुकडा असल्यास डॉक्टरला आधी सांगितलेच पाहिजे.

मघाशी लुटुपुटूचा उपचार म्हणालो. काही रुग्णांना खरे ठोके देतात आणि काहींना नुसता आवाज करणारे यंत्र लावतात. कोणाला काय मिळाले ते रुग्णाला कळू देत नाहीत. हे रुग्णाला फसविणे नव्हे. त्याने प्रयोगाला तशी संमती दिलेली असते. आशेनेही थोडे बरे वाटते, तेवढे वजा करण्यासाठी हा खटाटोप. २०११ साली हॉलंडमध्ये ६२ रुग्णांवर चुंबकाची अशी तपासणी झाली, तेव्हा खऱ्या आणि खोट्या उपचारांत फरकच आढळला नाही. आम्ही संघटनेची माणसे हे ओळखतो. मागणीपत्रातला आकडा एक असतो आणि करारात हाती पडतो तो दुसरा. पहिले प्रयोग हे मागणीपत्र समजावे. काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही, आणि पडलेला आराम कायमचा असतोच असे नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. औषधे पुऱ्या मात्रेने, पुरेसे दिवस देऊन पाहिली का? बैठका किती आणि एकूण खर्च किती? गुण आला की नाही हे कसे मोजणार? औषध चालू राहील ना? शेवटच्याचे उत्तर "बंद करा" असे आले, तर दुसऱ्या तज्ज्ञाला विचारल्यावाचून औषध सोडू नका. आणि हुशार फिटरांना हात जोडून विनंती, बॅटरी लावून हा प्रयोग घरी करू नका.

आता माझ्या चुकीकडे परत येतो. राज्य कामगार विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदाराला सरासरी मजुरीच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. त्या चौकशीच्या आदल्या रात्री मी ती यादी उघडूनसुद्धा पाहिली नाही. मन घट्ट कर म्हणण्याऐवजी मी विचारायला हवे होते, "आवाज केव्हापासून येतात? काय म्हणतात? झोप लागते का?" आणि सकाळी त्याला चौकशीच्या खोलीत नेण्याआधी दवाखान्यात न्यायला हवे होते. यंत्र मागाहून येईल, न येईल. हे तीन प्रश्न विचारायला वीज लागत नाही.