डिजिटल स्वाक्षरी : संकेतन आणि पडताळणी

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये भारतात डिजिटल स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. ही स्वाक्षरी केवळ गणिताच्या बळावर सुरक्षित ठरते, असा समज आढळतो. तो अपुरा कसा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

आरएसए पद्धतीत प्रथम दस्तऐवजाचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा सारांशांक, काढला जातो. पीकेसीएस-१ मानकाच्या प्रचलित मांडणीत ००, ०१, नंतर एफएफ बाइटांची मालिका, पुन्हा ००, हॅशपद्धतीची ओळख आणि अगदी शेवटी हॅश येतो. हे संकेतन होय. या संख्येवर गुप्त किल्लीने प्रक्रिया केली की स्वाक्षरी तयार होते. सार्वजनिक किल्लीने तीच मांडणी परत मिळवून हॅश जुळविणे म्हणजे पडताळणी.

२००६ मध्ये डॅनियल ब्लायखेनबाखर यांनी पडताळणीतील एक उणीव दाखवून दिली. ओपनएसएसएलसह काही लायब्ररी हॅशनंतर अधिक बाइट उरले आहेत काय, हे तपासत नव्हत्या. सार्वजनिक घातांक ३ असल्यास एफएफची मालिका आखूड करून हॅश अलीकडे आणता येई. मागील मोकळ्या जागेत सोयीचे बाइट भरून ती संख्या पूर्ण घन करता येई. तिचे घनमूळ हीच बनावट स्वाक्षरी. गुप्त किल्लीची गरजच उरत नसे. २०१४ मध्ये मोझिलाच्या एनएसएस लायब्ररीत तत्सम दोष आढळला.

यावर उपाय सोपा आहे. पडताळणाऱ्याने अपेक्षित मांडणी स्वतः तयार करावी व ती मिळालेल्या मांडणीशी संपूर्णपणे ताडून पाहावी. येथे आरएसएचे गणित मोडले नव्हते. दोष आज्ञावलीत होता. म्हणून हा विषय शिकविताना सूत्राइतकाच भर पडताळणीच्या काटेकोरपणावर देणे आवश्यक आहे.