चेंडू कोणाच्या हातात?

१८ नोव्हेंबर १९८१. लॉस एंजेलिस लेकर्सने सॉल्ट लेक सिटीत युटा जॅझला ११३-११० असे हरवले होते. हा सलग पाचवा विजय. अशा रात्री खेळाडूंच्या खोलीत थट्टामस्करी चालायची. पण त्या रात्री बावीस वर्षांच्या अर्विन ‘मॅजिक’ जॉन्सनने पत्रकारांना सांगितले, की मला इथे खेळायचे नाही, मला दुसऱ्या संघात पाठवा. दुसऱ्या दिवशी लेकर्समधून एक माणूस गेला खरा, पण तो मॅजिक नव्हता. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांना नारळ मिळाला. दीड वर्षापूर्वी, १९८० साली, याच वेस्टहेड यांच्या हाताखाली लेकर्सने एनबीएचे अजिंक्यपद जिंकले होते.

डोक्यात हवा गेलेल्या पोराने प्रशिक्षकाचा बळी घेतला, असेच तेव्हा बहुतेकांना वाटले. लेकर्सच्या स्वतःच्या मैदानावर, फोरममध्ये, मॅजिकची हुर्यो झाली. मला हा निवाडा अर्धाच पटतो. माणसांच्या स्वभावाइतकेच हे भांडण खेळाच्या घडणीतून आणि पैशाच्या मांडणीतून आलेले होते.

आधी खेळाची घडण पाहू. बास्केटबॉलमध्ये एका बाजूचे पाचच खेळाडू मैदानात असतात आणि चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मधे कर्णधाराला डोके खाजवायला वेळ मिळतो. इथे तो नाही. चेंडू पुढे आणणारा, कोणाला द्यायचा ते ठरवणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. मॅजिक तोच होता, आणि तोही सहा फूट नऊ इंचांचा. आता ‘पुढे काय करायचे’ हे ठरवणे हेच प्रशिक्षकाचेही काम. म्हणजे एकाच कामाचे दोन धनी, एक रेषेच्या आत आणि एक बाहेर. सगळे सुरळीत असते तेव्हा हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वेस्टहेड तसे अपघातानेच मुख्य प्रशिक्षक झाले होते. १९७९ च्या हंगामात लेकर्सला वेगवान, धावता खेळ शिकवला तो जॅक मॅकिनी यांनी. हंगाम जेमतेम सुरू झाला असताना मॅकिनी सायकलवरून पडले, डोक्याला जबर मार लागला आणि साहाय्यक वेस्टहेड यांच्याकडे सूत्रे आली. शेक्सपिअर शिकवलेला हा इंग्रजीचा प्राध्यापक. त्यांनी मॅकिनींची घडी मोडली नाही. अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात करीम अब्दुल-जब्बार घोटा दुखावल्याने खेळू शकला नाही, तेव्हा पहिल्याच वर्षाच्या मॅजिकला त्यांनी त्याच्या जागी, सेंटरला, उभे केले. मॅजिकने ४२ गुण केले. एवढा विश्वास टाकणारा प्रशिक्षक आणि तो सार्थ करणारा खेळाडू अठरा महिन्यांत एकमेकांशी नीट बोलेनासे झाले.

मधे दोन गोष्टी घडल्या होत्या. १९८१ च्या पहिल्याच फेरीत लेकर्स ह्यूस्टनकडून हरले, आणि वेस्टहेड यांनी नव्या हंगामात स्वतःची रचना आणली. त्यात आखलेल्या जागा होत्या, ठरलेले पास होते आणि चेंडू सावकाश करीमकडे पोचवायचा होता. मॅजिकच्या हातातला निर्णय त्यामुळे पाटीवरच्या खडूकडे गेला. दुसरी गोष्ट पैशाची. संघमालक जेरी बस यांनी त्याच उन्हाळ्यात मॅजिकशी पंचवीस वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार केला होता.

मराठीत आपण प्रशिक्षकाला ‘ते’ म्हणतो आणि खेळाडूला ‘तो’. या करारानंतर लेकर्समध्ये हे व्याकरण उलटे झाले होते. प्रशिक्षकाचे खरे शस्त्र एकच, खेळाडूला बाकावर बसवणे. पण ज्याच्यासाठी प्रेक्षक तिकीट काढतात आणि ज्याचा मालकाशी पाव शतकाचा करार आहे, त्याला किती वेळ बसवणार? प्रशिक्षकाची सत्ता ही मालकाने उसनी दिलेली असते. हकालपट्टीचा निर्णय आपण आधीच घेतला होता, असे बस यांनी सांगितले. ते खरे असेलही; लोकांना मात्र दिसले ते इतकेच, की मुलाने मागितले आणि मिळाले.

शस्त्र न उचलताही मार्ग निघतो, याचे उदाहरण शिकागो बुल्सचे आहे. मे १९९४ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०२-१०२ अशी बरोबरी असताना १.८ सेकंद उरले होते. मायकेल जॉर्डन निवृत्त झालेला. संघाचा नायक स्कॉटी पिपेन. फिल जॅक्सन यांनी शेवटचा फटका टोनी कुकोचला दिला आणि पिपेनने मैदानात उतरायलाच नकार दिला. कुकोचने बास्केट केली, सामना जिंकला. जॅक्सन यांनी शिक्षा केली नाही. त्यांनी प्रश्न खेळाडूंवर सोपवला. अनुभवी बिल कार्टराइट सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आणून पिपेनला बोलला. मॅजिक आणि वेस्टहेड यांच्यामध्ये असा कार्टराइट कोणी उभा राहिला नाही.

लेकर्सची सूत्रे पॅट रायली यांच्याकडे गेली. त्यांनी संघाला पुन्हा धावू दिले, आणि १९८२, १९८५, १९८७, १९८८ अशी चार अजिंक्यपदे आली. वेस्टहेड यांची गोष्ट तर फारच गमतीची. खेळ संथ केल्याचा ठपका बसलेल्या या माणसाने पुढे लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संघाला असे पळवले, की १९८९-९० च्या हंगामात त्या पोरांनी सामन्यामागे सरासरी १२२ हून अधिक गुण केले. २००७ मध्ये त्यांनी फिनिक्स मर्क्युरी या महिला संघालाही अजिंक्यपद मिळवून दिले.

आणि मॅजिक? १९९४ च्या वसंतात तो स्वतः लेकर्सचा प्रशिक्षक झाला. सोळा सामन्यांपैकी पाच जिंकले, शेवटचे दहा ओळीने हरले. नव्या पिढीच्या खेळाडूंची वृत्ती त्याला पटत नव्हती. हंगाम संपताच त्याने ते पद सोडले.