बुरशीवर बुरशीचा पहारा

न्यूझीलंडच्या कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या एकाएकी लटपटू लागतात आणि त्यांना दामटले असता जागच्या जागी कोसळतात, या जुन्या व्याधीचा छडा १९८१ साली लागला, तेव्हा आरोपी म्हणून जी बुरशी पुढे आली ती रायग्रास गवताच्या देहात, पेशींमधील फटींत, बाहेर कसलेही चिन्ह उमटू न देता वास्तव्य करून होती. एपिक्लोई हे तिच्या प्रजातीचे नाव. आपल्या बाजरीवर पडणाऱ्या अरगटाशी तिचे नाते जवळचे. गवताच्या बियांतून ती पुढच्या पिढीत उतरते, आणि आश्रयदाते गवत मेले तर तिचाही निर्वंश ठरलेला असल्यामुळे, त्याच्या शत्रूंचा बंदोबस्त करणे हा तिच्या दृष्टीने परोपकार नसून निव्वळ स्वार्थ होय.

मेंढ्यांना लटपटविणारे लोलिट्रेम आणि खोड पोखरणाऱ्या सोंड्याला दूर ठेवणारे पेरामिन ही तिची दोन्ही द्रव्ये आता सुपरिचित आहेत. पैकी पहिले न बनविणारे आणि दुसरे बनविणारे वाण निवडून तेथील शास्त्रज्ञांनी कुरणांची सोय लावली. परंतु ही बुरशी इतर बुरशींनाही अटकाव करते काय, या प्रश्नाकडे लक्ष गेले ते मागाहून, आणि त्याचे उत्तर तितके सरळ निघाले नाही. काचेच्या तबकडीत तिने रोगकारक बुरशीची वाढ रोखली, म्हणून शेतातही तसेच घडेल, अशी हमी कोणी देऊ नये.

तांबड्या फेस्क्यू गवताचा दाखला मात्र भक्कम आहे. हिरवळीवर रुपयाएवढे वाळके ठिपके पाडणारा ‘डॉलर स्पॉट’ हा रोग एपिक्लोई असलेल्या फेस्क्यूवर कमी पडतो, हे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष शेतात पाहिले, आणि कारणाचा शोध घेता, गवतातील ही बुरशी एक लहानसे बुरशीनाशक प्रथिन विपुल प्रमाणात बनवीत असल्याचे त्यांना आढळले. हे प्रथिन पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीच्या अशाच एका प्रथिनाशी मिळतेजुळते असून, शुद्ध स्वरूपात वेगळे काढल्यावरही त्याने त्या रोगाच्या बुरशीची वाढ रोखली. गंमत अशी की, एपिक्लोईच्या बहुतेक इतर जातींत त्याचे जनुकच नाही. तेव्हा एका गवताचा अनुभव सरसकट दुसऱ्यास लागू करणे म्हणजे एकाच्या नावची सनद दुसऱ्याच्या हाती देणे होय. टिमोथी गवतातील एपिक्लोई निराळेच चक्राकार पेप्टाइड बनवते, ज्यामुळे पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरशीचे बीजाणू रुजत नाहीत, असे जपानी रसायनशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. हीच बुरशी कधी कधी त्या गवताचा फुलोरा आवळून तो बाहेर पडूच देत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या साऱ्यांवर कडी करणारी हकीकत २०२० साली चीनमधून आली. गव्हाच्या ओंब्या फ्युसारियम बुरशीने करपतात, आणि तिचे विष दाण्यात उतरून माणसांना व गुरांना बाधते. या रोगाचा प्रतिकार करणारे एक जनुक थिनोपायरम या रानगवतात सापडले. ते जनुक विषाचा रेणू ग्लुटाथायोनशी जोडून निरुपद्रवी करणारे विकर घडविते. वनस्पतींच्या जनुकांत त्याचे सोयरे शोधूनही सापडेनात, तर एपिक्लोईच्या जनुकाशी त्याचे साम्य मात्र कमालीचे निघाले; यावरून, पूर्वी कधीतरी अंतर्वासी बुरशीचे हे जनुक गवताच्याच वारशात दाखल झाले असावे, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. संकराच्या मार्गाने ते जनुक गव्हात आणण्यात आले असून, ज्यांत एपिक्लोईचा एकही तंतू नाही अशा गव्हाच्या जातींच्या पैदाशीत आता त्याचा उपयोग केला जात आहे.