क्षयाचा जंतू की त्याचा भाऊबंद? जीवाणूंची जात ओळखण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती

रुग्णाच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांसारखे जंतू दिसले की क्षयरोगाचे निदान पक्के झाले, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात मायकोबॅक्टेरियम या कुळात दीडशेहून अधिक जाती असून, त्यांपैकी अनेक माती आणि पाण्यात आढळतात. त्यातील काही जाती फुप्फुसाचा आजार निर्माण करतात आणि त्याची लक्षणे क्षयासारखीच असतात. औषधे मात्र भिन्न असतात. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस ही जात तर क्षयावरील बहुतेक औषधांना दाद देत नाही. त्यामुळे जंतूची नेमकी जात ओळखण्याला महत्त्व आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर विकसित झालेली झील-नील्सन रंजनपद्धती आजही वापरात आहे. या कुळातील जंतूंच्या मेणचट आवरणामुळे त्यांनी घेतलेला लाल रंग आम्लानेही निघत नाही. परंतु हा गुणधर्म संपूर्ण कुळाचा असल्याने त्यावरून जात ठरत नाही.

त्यासाठी जंतूंची वाढ करावी लागते. अंड्यापासून बनवलेल्या लोव्हेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर ही वाढ दिसण्यास सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. वाढीचा वेग, वसाहतींचा रंग आणि नायसिन, नायट्रेट यांसारख्या रासायनिक चाचण्यांवरून पूर्वी जात ठरवली जात असे. आता वाढलेल्या जंतूंतील एमपीटी-६४ हे प्रथिन पट्टीवरील चाचणीने सुमारे पंधरा मिनिटांत ओळखता येते.

जनुकीय चाचण्यांमुळे हा कालावधी आणखी घटला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये शिफारस केलेली जीन-एक्सपर्ट चाचणी सुमारे दोन तासांत क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिन या औषधाला होणारा त्यांचा विरोध, या दोन्ही बाबी दाखवते. गोव्यातील कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅट या भारतीय चाचणीचीही संघटनेने २०२० मध्ये शिफारस केली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले, परंतु जनुकीय चाचणीत क्षयाचा जंतू आढळला नाही, तर अन्य जातीची शंका घेऊन पुढील तपासणी केली जाते.

या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. माणसातील क्षयाचा जंतू आणि गुरांमधील मायकोबॅक्टेरियम बोव्हिस यांच्यात त्या फरक करत नाहीत. जीवाणूंच्या वर्गीकरणासाठी सर्रास वापरला जाणारा १६-एस आरएनए जनुकही या दोहोंत सारखाच असतो. मात्र पीएनसीए या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे बोव्हिसवर पायराझिनामाइड हे औषध निष्प्रभ ठरते. असा सूक्ष्म फरक जनुकक्रम वाचूनच स्पष्ट होतो. क्षयाच्या जंतूचा सुमारे ४४ लाख अक्षरांचा संपूर्ण जनुकक्रम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अशा तुलनेला भक्कम आधार मिळाला.

केवळ जात ओळखून निदान पूर्ण होत नाही, हेही तितकेच खरे. पाण्यातील जंतू नमुन्यात योगायोगानेही येऊ शकतात. म्हणूनच बेडक्याच्या किमान दोन स्वतंत्र नमुन्यांत तीच जात वाढली, तसेच लक्षणे आणि छातीचे चित्रणही जुळले, तरच तिला आजाराचे कारण मानले जाते. अनेक महिने चालणारा औषधोपचार योग्य दिशेने सुरू होणे या काटेकोर पडताळणीवर अवलंबून असते.