बारा कोसांवरची रानबोली

बारा कोसांवर भाषा बदलते, हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथल्या झाडीबोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि ऐकणारा लगेच मुलूख ओळखतो. मग पाखरांचं काय? भंडाऱ्याच्या कोका अभयारण्यातला दयाळ आणि पुण्याच्या बागेतला दयाळ एकच गाणं गातात का?

दयाळ, बुलबुल, चंडोल ही गाणाऱ्या कुळातली पाखरं. त्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. शिकलेली गोष्ट मुलखागणिक थोडी बदलते. म्हणून अशा पाखरांतही बोली असतात.

कोकिळाचं तसं नाही. तो कावळ्याच्या घरट्यात वाढतो, कावळ्याच्या चोचीतून घास घेतो, दिवसभर ‘काव काव’ ऐकतो; तरी मोठेपणी ‘कुहू’च म्हणतो. सातभाईंनी वाढवलेला पावशाही मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ असाच ओरडतो. हीच हाक हिंदीत ‘पी कहाँ’ आणि बंगालीत ‘चोख गेलो’ होते. पाखरू तेच, कान वेगळे.

जन्मजात आवाज असलेल्या पाखरांत हाक ठळक बदलली, तर पाखरूच वेगळं असण्याची शक्यता मोठी. रातव्यात हे नीट कळतं. पाचोळ्याच्या रंगाचे हे पक्षी संधिप्रकाशात वाटेवर बसलेले असतात. नुसतं पाहून त्यांची जात सांगणं कठीण. पण भारतीय रातवा ओरडला की फरशीवर गोटी पडल्यासारखं वाटतं: ‘चक्... चक्... चक्-चक्-चकर्र’, आधी सावकाश, मग घाईने. जंगली रातवा मात्र एकाच लयीत ‘चकू-चकू’ करत राहतो. हिमालयापासून पूर्वेकडे आढळणारा करडा रातवा पूर्वी याच जंगली रातव्यात गणला जाई. आता त्याला स्वतंत्र जात मानतात, आणि त्यामागे हाकेतल्या फरकाचा मोठा वाटा आहे.

ही रीत जुनीच. इंग्लंडात गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये एकसारखे दिसणारे तीन वटवटे त्यांच्या वेगवेगळ्या आवाजांवरून निराळे ठरवले होते.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, बांधावर पाखरू बोललं की मोबाइलवर आवाज टिपा. गाव, तारीख, वेळ लिहून ठेवा. मात्र विणीच्या काळात तोच आवाज वाजवून पाखराला बोलावू नका. घरटं सोडून ते तुमच्यामागे धावेल. झाडीपट्टीच्या माणसांची बोली आपण जपतो, तशीच तिथल्या पाखरांचीही जपू या.