पेंढ्याने पोट भरतं, उणीव नाही

सिल्वासाच्या आसपास जनावरं पाळणाऱ्यांना क्षार मिश्रणाबद्दल विचारलं, तर 'गाय धडधाकट आहे, औषध कशाला?' असं हमखास ऐकू येतं. पण क्षार मिश्रण हे औषध नाहीच, तो रोजच्या खुराकाचा भाग आहे.

दादरा-नगर हवेलीत पाऊस दणकून पडतो, पीक मुख्यतः भाताचं. त्यामुळे उन्हाळ्यात गव्हाणीत पडतो तो भाताचा पेंढा. त्यात फॉस्फरस जेमतेम आणि ऑक्झलेट भरपूर. हे ऑक्झलेट असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं, गाईच्या अंगी लागू देत नाही. मग गाय हाडं, चिंध्या, माती चघळू लागते. खोड समजून तिला मुसकं बांधतात, याचं फार वाईट वाटतं. बऱ्याचदा ती फॉस्फरसची भूक असते. गाय वेळेवर माजावर न येणं, रेतन करूनही उलटणं, यामागेही हीच उणीव असू शकते. क्षार मिश्रण सुरू करण्याआधी जंतांचं औषध मात्र पाजलेलं हवं.

'मीठ घालतो की!' हेही नेहमीचंच. मीठ हवंच, पण त्यातून सोडियम आणि क्लोरीन मिळतं. फॉस्फरस, तांबं, जस्त नाही. दुभत्या गाईला रोज साधारण 50 ते 100 ग्रॅम क्षार मिश्रण आंबोणात कालवून द्यावं. पुड्यावर आयएस 1664 हे भारतीय मानक पाहून घ्यावं. दुप्पट घातलं म्हणून दूध दुप्पट होत नाही, आणि पोटभर चारा नसेल तर कुठलीच भुकटी कामाची नाही.

गैरसमज कोंबडीच्या खाद्याबद्दलही आहेत. ब्रॉयलर कोंबडी हार्मोनवर फुगते, हा समज शहरातला. तिची वाढ निवडक पैदाशीतून आणि संतुलित खाद्यातून आली आहे. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे; खाद्यातून दिलं तर ते पोटातच पचून जाईल. काळजी करायची ती प्रतिजैविकांची. माणसाला शेवटच्या टप्प्यावर वाचवणारं कॉलिस्टिन खाद्यात मिसळलं जात होतं. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये त्यावर बंदी घातली.

पावसाळ्यातला सगळ्यांत घातक समज बुरशीचा. पेंडीला बुरशी लागली की ती उन्हात वाळवून घालतात. बुरशी दिसेनाशी होते, पण अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष मागे राहतं आणि दुधात उतरतं. दुधात त्याची मुभा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम. विष शोषणारी टॉक्सिन बाइंडर भुकटी त्रास कमी करते, पण सडकी पेंड चांगली करत नाही. ती पेंड कितीही महाग असली तरी फेकूनच द्यावी.