दम लागणे म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात पऱ्हाटीच्या चुलीपुढे हयात घालवलेल्या आजींना चार पावलांत धाप लागली, की ‘आता वय झाले’ म्हणून आपण गप्प बसतो. परंतु कधीही विडी न ओढलेल्या व्यक्तीलाही चुलीच्या धुराने सीओपीडी हा श्वासनलिकांचा चिवट विकार जडू शकतो. म्हणून धापेचे कारण तपासून घ्यावे.

१८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी फुंकलेली हवा मोजण्याच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. आजची स्पायरोमेट्री त्याच परंपरेतील होय. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यावा आणि जोराने, शक्यतो ६ सेकंद, फुंकत राहावे. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली, तर सीओपीडीचा संशय बळावतो. अंतिम निदान वय, उंची व लक्षणे पाहून डॉक्टरच करतात.

पूर्ण फुंकल्यावरही निरोगी फुप्फुसांत एक-सव्वा लिटर हवा उरते; ती मोजण्यास निराळी चाचणी लागते. सीओपीडीत ही अडकलेली हवा वाढते आणि ताज्या हवेची जागा आक्रसते. फुप्फुसे कडक करणाऱ्या फायब्रोसिसमध्ये मात्र त्यांचे आकारमानच घटते. धाप सारखीच, उपचार भिन्न.

चाचणीपूर्वी कोणते औषध थांबवावे, हे डॉक्टरांना विचारा. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असल्यास किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास अवश्य सांगा. अहवाल जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेस तोच उपयोगी पडेल.